कचरा तिकडे, वायू इकडे

"आमच्या जमिनीवर कचऱ्याची एक पिशवीसुद्धा कधी पडली नाही, मग ती कशासाठी घेता?" असे जुन्या, मातीखाली झाकलेल्या कचराभूमीला लागून ज्यांची जमीन संपादित होणार आहे, त्या वृद्ध जमीनमालकांनी आज विचारले, तेव्हा मोजणीसाठी आलेल्यांपैकी कोणीच लगेच उत्तर दिले नाही.

मग तंत्रज्ञाने कुंपणालगत रोवलेल्या नळीचे झाकण काढले, मापक जोडले आणि त्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. मिथेन ७ टक्के. हवेत हे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो, हे ऐकल्यावर ते वाकले आणि त्यांनी वास घेतला. "कसलाच वास नाही," ते म्हणाले. मिथेनला स्वतःचा वास नसतोच.

जुना कचरा मातीखाली झाकला, त्यावर गवत उगवले, तरी आतला सेंद्रिय भाग प्राणवायूविना कित्येक दशके कुजत राहतो आणि त्यातून मिथेन तयार होतो. वरचा थर घट्ट किंवा पावसाने भिजलेला असला की हा वायू आडवा सरकतो आणि सैल मातीतून, जुन्या वाहिन्यांभोवतीच्या भरावातून शेजारच्या तळघरापर्यंत पोहोचतो. हवेचा दाब उतरला की हा ओघ आणखी वाढतो. म्हणून कचराभूमीच्या हद्दीबाहेर वायू ओढून घेणाऱ्या विहिरी हव्यात, मोकळा पट्टा हवा.

कारण पटण्यासारखे आहे. तरीही त्यांच्या हातातल्या नोटिशीत 'सार्वजनिक प्रयोजन' एवढेच दोन शब्द होते, वायूचा उल्लेखही नव्हता, हे दिवसभर खटकत राहिले. इतकी वर्षे त्या जमिनीवर वावरणाऱ्या माणसाला हे आधी कोणी सांगायला नको होते का?