पाणी थोडं, काठ फार

उन्हाळ्यात सासवडच्या पुलावरून कऱ्हा पाहणाऱ्याचा विरस ठरलेला. खाली दगडगोटे, वेड्या बाभळी आणि कुठेतरी हिरवट पडलेलं डबकं. पण या नदीच्या काठानं जे साठवून ठेवलंय, त्याचा कृष्णा-गोदावरीनंही हेवा करावा. मला तिचं अप्रूप आहे ते त्यासाठी.

पाण्याच्या बाबतीत तिचं नशीबच बेताचं. सह्याद्रीची एक रांग सिंहगडाकडून भुलेश्वरकडे जाते, दुसरी दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची. दोन भिंतींमधल्या या बोळातून कऱ्हा गराड्याच्या बाजूनं निघते आणि आग्नेयेची वाट धरते. पावसाळी ढग पश्चिमेच्या माथ्यावरच रिते होऊन येतात. इथवर पोचतं ते उरलंसुरलं. त्यात खाली काळा कातळ, वर माती जेमतेम. पडलेलं पाणी मुरतं कमी, पळतं जास्त. म्हणून कऱ्हेपठारावर ज्वारी-बाजरी पिकते आणि थोडक्यात भागवणारी अंजीर-सीताफळाची झाडं फळतात. दंतकथा सांगते की ही नदी ब्रह्मदेवाच्या लवंडलेल्या कमंडलूतून वाहिली. एरवी अशा कथांवर माझा फारसा विश्वास नाही, पण कमंडलूत मावेल तेवढंच पाणी हिच्या वाट्याला आलं, हे मात्र तिच्याकडे बघून पटतं.

आता काठाकडे वळू. सासवडला चांबळी नदी येऊन मिळते, त्या जागी संगमेश्वराचं दगडी देऊळ आहे. याच गावात ज्ञानोबांच्या धाकट्या भावानं, सोपानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली. चार शतकांनी भट घराण्यातला पहिला पेशवा झालेला बाळाजी विश्वनाथ इथेच राहिला आणि 1720 मध्ये इथेच वारला. पुढे पुण्याची पेशवाई उभी राहिली तिची पहिली बिऱ्हाडं या गावातली, पुरंदरे सरदारांच्या शेजारची. पुण्याला मुठा मिळाली, मग सासवडची आठवण कोण ठेवतो!

आणि अत्रे. जन्म 1898 चा, जवळच्या कोढीतचा; वाढले सासवडला. सभा गाजवणारा, दहा हजार वर्षांत असं झालं नाही म्हणणारा हा माणूस आत्मचरित्र लिहायला बसला आणि नाव काय दिलं, तर ‘कऱ्हेचे पाणी’. एवढ्या अतिशयोक्तीच्या माणसानं नेमकी एवढीशी नदी निवडावी! बरं, खंड मात्र पाच. नदीत नसलेलं पाणी त्यांनी पुस्तकात भरून काढलं म्हणायचं.

सासवडच्या खाली नाझऱ्याचं धरण आहे, मल्हारसागर. नावावरून कळतंच की जेजुरी जवळ आली. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गड उतरते ती कऱ्हेवर स्नानाला जाण्यासाठी. भंडाऱ्यानं माणसं पिवळी, वाट पिवळी, येळकोट येळकोट चाललेलं. देवाला काय, गंगाही चालली असती. पण त्याला कऱ्हाच लागते. पुढे पांडेश्वर, मग मोरगाव. मोरया गोसावींना गणपतीची मूर्ती सापडली ती मोरगावला याच नदीत स्नान करताना, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

बारामतीत गंमत वेगळी. तिथे नीरेचा डावा कालवा वाहतो, इंग्रजांच्या काळातला, भाटघरच्या पाण्यावरचा. ऊस त्याचा, बागायत त्याची, पैसाही त्याचाच. कऱ्हा आपली बाजूनं जाते. पण कवी मोरोपंत बारामतीत राहिले ते कालवा येण्याच्या कितीतरी आधी. इथले सावकार बाबूजी नाइक यांच्या आश्रयाला येऊन 1794 मध्ये वारले तोवर त्यांनी इथे आर्या रचल्या, एकाहून एक चमत्कारिक रामायणं लिहिली. कालव्याच्या काठी असा कुणी झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. कालव्यावर अन्याय होत असेल, पण होऊ दे.

अशी नदी गरीब दिसते, म्हणून माणसं तिच्या पात्रात बिनधास्त पाय पसरतात. सप्टेंबर 2019 च्या शेवटच्या आठवड्यात पुरंदरवर रात्रीत एवढा पाऊस कोसळला की नाझऱ्यातून पाणी सोडावं लागलं आणि बारामतीत काठावरच्या लोकांना घाईघाईनं हलवावं लागलं. कऱ्हेला पूर? लोकांना खरं वाटेना. खरं तर तिनं नवं काही केलं नव्हतं. पात्र तिचंच होतं, ती फक्त खूप दिवसांनी पूर्ण वापरत होती.

बारामतीच्या पुढे सोनगावला ती नीरेला मिळते आणि तिचं नाव संपतं. नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते, आणि भीमा पुढे पंढरपूरला. म्हणजे सासवडहून सोपानदेवांची पालखी जिथे निघते, तिथेच कऱ्हाही निघालेली असते. फरक वेळेचा. पालखीचा आषाढीचा नेम चुकत नाही. कऱ्हेला खरं पाणी येतं ते परतीच्या पावसात, त्यामुळे तिची वारी बहुतेक वर्षी कार्तिकीचीच.