ग्रानादाची ट्रिप, स्पॅनिशमध्ये

रविवार, रात्र

क्लासचा होमवर्क करत बसलेय, स्पेनमधल्या ग्रानादाला काय काय केलं ते स्पॅनिशमध्ये बोलून रेकॉर्ड करायचंय. पुस्तक म्हणतं भूतकाळ दोन, संपलेल्या गोष्टीला इन्डेफिनिदो आणि चालू असलेल्या गोष्टीला इम्पेर्फेक्तो. अहो पण ट्रिप तर सगळीच संपलीय, कपडे पण धुवून झाले, मग इम्पेर्फेक्तोच्या वाट्याला राहिलं काय?

कुणी म्हणतं लांबलचक चाललं तर इम्पेर्फेक्तो. तेही नाही पटत. आल्हाम्ब्रात, म्हणजे तिथल्या किल्ल्यातल्या राजवाड्यात, आम्ही अख्खी दुपार होतो तरी ते इन्डेफिनिदोत, एस्तुविमोस तोदा ला तार्दे, कारण अख्खी दुपार म्हटलं की गोष्टीला दोन्हीकडून कुंपण पडलं. पण सिंहांच्या चौकात उभ्या होतो, मधे ते 12 सिंहांचं कारंजं आणि ऊन नुसतं मी म्हणत होतं, तिथे इम्पेर्फेक्तो, आसीआ मुचो कालोर, कारण ऊन कधी चढलं कधी उतरलं याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही, आम्ही आपल्या त्या उन्हाच्या मधोमध.

आपण 'जायचो' आणि 'जात होतो' वेगळं ठेवतो, स्पॅनिशवाले दोन्हीला ईबामोस म्हणून मोकळे. पण उलटंही होतं आणि मला तेच जास्त आवडलं. आल्हाम्ब्रातल्या नासरी महालात तिकिटावरच्या वेळेलाच आत सोडतात, हे मला माहीत होतं, साबीआ. ताईला ते गेटवर कळलं, सुपो. आपल्याला दोन वेगळे शब्द लागतात, त्यांचं एकाच क्रियापदात भागतं, फक्त काळ बदलायचा. ड्रिंकबरोबर तापा, म्हणजे चखणा, फुकट येतो हेही वेटरने प्लेट आणून ठेवली तेव्हा सुपीमोस (ताईने लगेच दुसरं ड्रिंक मागवलं).

तिकडे माद्रिदकडचे लोक आज सकाळी पाहिलेल्या गोष्टीला एमोस बीस्तो ('पाहिलंय') म्हणतात, आमच्या मॅडम मेक्सिकोच्या, त्या सरळ बीमोस ('पाहिलं') म्हणतात. मी मॅडमचंच ऐकणार, मार्क त्या देतात.

कोर्डोबाचं सांगायचं अजून बाकी आहे. तिथल्या मेस्कितात, म्हणजे जुन्या मशिदीत, 800 च्या वर खांब होते, ते आबीआ. आणि त्या खांबांमधे एका टूर ग्रुपचं सेल्फीवरून भांडण जुंपलं, ते त्याच क्रियापदाचं इन्डेफिनिदो, ऊबो.