राहायचे झाल्यास त्रिएस्ते

राहण्यास सर्वोत्तम शहरांच्या ज्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्या मी आवडीने वाचतो आणि जवळजवळ कधीच मानत नाही. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत १७३ शहरांना स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा अशा पाच निकषांवर गुण दिले जातात. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे तिथे व्हिएन्ना अव्वल होते आणि २०२५ मध्ये तो मान कोपनहेगनला मिळाला. अशा याद्यांचा खरा उपयोग होतो तो कंपन्यांना, कारण परदेशी धाडलेल्या माणसाला गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे त्यांवरून ठरवता येते. थोडक्यात, तिथे मोजली जाते ती गैरसोय, आणि एखाद्या शहरात गैरसोय नाही एवढ्यासाठी तिथे जन्म काढावासा वाटत नाही.

हवापाण्याचा विचार अर्थातच करावा लागतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो मला मनापासून आवडते, परंतु तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही आणि तो अंधार मला झेपणार नाही. याच्या अगदी उलट टोकाला विषुववृत्ताला खेटून, सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसलेले इक्वाडोरमधले किटो आहे. तिथे बाराही महिने दिवस बारा तासांचा आणि हवा सौम्य असते; मात्र वर्षभर एकच ऋतू असलेल्या गावात वर्ष सरल्याचे कळायचे तरी कसे, हा प्रश्न मला पडतो. समुद्र हवा, डोंगर हवा, पायी फिरून संपेल एवढाच पसारा हवा आणि बाहेरून आलेल्या माणसाची कुणाला फारशी नवलाई वाटू नये, एवढ्या चाळण्या लावल्यावर माझ्या हाती एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकावरचे, साधारण दोन लाख वस्तीचे त्रिएस्ते उरते.

त्रिएस्ते आज इटलीत आहे. हा ‘आज’ महत्त्वाचा, कारण १३८२ पासून १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अमलाखाली होते. त्याच घराण्यातील सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१९ मध्ये ते मुक्त बंदर म्हणून जाहीर केले आणि पुढे ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा समुद्राकडचा दरवाजाच बनले. व्यापारासाठी ग्रीक, सर्ब, ज्यू, आर्मेनियन, जर्मन अशी सगळीकडची माणसे आली, आणि म्हणूनच आजही समुद्रकाठचे ग्रीक चर्च, कालव्याजवळचे सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च आणि १९१२ सालचे भव्य सिनेगॉग ही तिन्ही एका सकाळच्या फेरफटक्यात पाहून होतात. शहरामागच्या पठारावर स्लोव्हेनियन बोलणारी गावे आहेत, जिथल्या पाट्या दोन्ही भाषांत लिहिलेल्या असतात.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र या शहराची जी फरफट झाली, तिला तोड नाही. समजा, १९१० मध्ये इथे जन्मलेली एखादी बाई आयुष्यभर एकाच घरात राहिली असती, तर तिने आधी ऑस्ट्रिया, मग इटली, १९४३ पासून जर्मन सैन्य, १९४५ च्या मे-जूनमध्ये युगोस्लाव्ह फौजा, त्यानंतर ब्रिटिश-अमेरिकन लष्करी प्रशासन आणि १९५४ पासून पुन्हा इटली, एवढी राज्ये घरबसल्या पाहिली असती. ज्या गावात सत्ताच इतक्या वेळा बदलली, तिथे ‘आम्ही मूळचे’ असे छातीठोकपणे सांगणे अवघड जाते. मला या शहराची ओढ वाटते ती मुख्यतः या अवघडलेपणामुळे.

अर्थात, हे चित्र मी रंगवतो आहे तेवढे सोज्ज्वळ नाही. स्लोव्हेनियन समाजाचे नारोदनी दोम हे केंद्र १९२० च्या जुलैमध्ये फॅसिस्टांनी याच शहरात जाळले, आणि भात सडण्याच्या जुन्या गिरणीत, रिसिएरा दी सान साब्बा येथे, नाझींनी छळछावणी उभारून तिथे प्रेते जाळण्याची भट्टीही चालवली. निरनिराळे लोक शेजारी राहिले म्हणजे सलोखा आपोआप नांदतो, या समजुतीवर त्रिएस्तेने केव्हाच पाणी फिरवले आहे. अलीकडेही बाल्कन देशांतून पायी आलेले निर्वासित रेल्वे स्थानकालगतच्या पडक्या गोदामात चिखलात राहत होते. २०२४ च्या जूनमध्ये ती जागा रिकामी करण्यात आली. विमानाने येणारा पाहुणा आणि डोंगर तुडवत येणारा पाहुणा यांना या शहरात मिळणारी वागणूक एकसारखी नाही, हे मला ठाऊक आहे आणि ते मला खुपते.

तरीही याच शहराने केलेल्या दोन गोष्टींमुळे माझे मन तिथे वळते. अब्दुस सलाम या पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये इथे सैद्धान्तिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन केले. गरीब देशांतल्या संशोधकाला विज्ञान सोडावे लागू नये आणि देशही कायमचा सोडावा लागू नये, म्हणून त्याला अधूनमधून येऊन काम करता येईल अशी जागा असावी, हा त्यामागचा विचार होता. १९७९ मध्ये सलाम यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आता ते केंद्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

दुसरी गोष्ट मनोरुग्णालयाची आहे. फ्रांको बझालिया हे मनोविकारतज्ज्ञ १९७१ मध्ये इथल्या सान जोव्हानी रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्यांनी कुलपे काढायला सुरुवात केली. १९७३ मध्ये रुग्ण, कलावंत आणि कर्मचारी यांनी मिळून लाकूड व कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा बनवला, आणि रुग्णालयातील कपड्यांची गाडी वर्षानुवर्षे ओढणाऱ्या खऱ्या घोड्याचे, मार्को काव्हाल्लोचे, नाव त्याला दिले. मिरवणूक निघण्याच्या वेळी लक्षात आले की घोडा दारातून जात नाही, तेव्हा घोडा कापण्याऐवजी त्यांनी दारच फोडले आणि रुग्णांची मिरवणूक शहरात गेली. पाच वर्षांनी इटलीने कायदा करून मनोरुग्णालये बंद करण्याचा मार्ग धरला. सान जोव्हानीचे आवार आज सर्वांना खुले असलेले उद्यान आहे. तिथे गुलाबांची हजारो झाडे आहेत.

राहता राहिला वारा. बोरा नावाचा हा वारा ईशान्येकडून येतो. पठारामागे साठलेली थंड, जड हवा कड्यावरून समुद्राकडे कोसळते, आणि ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले आहेत. पूर्वी अशा दिवसांत चालणाऱ्यांना धरता यावे म्हणून रस्त्याच्या कडेने दोर बांधत. समुद्रात सुमारे अडीचशे मीटर शिरलेल्या मोलो आउदाचे या दगडी धक्क्यावर मी एकदा अशा वाऱ्यात गेलो होतो. धक्क्याला कठडा नाही. टोकाला वाऱ्यांच्या दिशा दाखवणारी कांस्याची तबकडी आहे, तिच्यापर्यंत पोहोचण्याचा हट्ट मी अर्ध्या वाटेवर सोडला. माझ्या पुढे चाललेल्या एक वयस्कर बाई मात्र वाऱ्याला खांदा देऊन तिरक्या, न थांबता चालत होत्या.

घर कुठे घ्यायचे, हेही मी ठरवून ठेवले आहे. बंदराजवळच्या ऑस्ट्रियन धाटणीच्या इमारती देखण्या आहेत, परंतु मला वर, ओपिचिना गावाच्या बाजूला राहायचे आहे. १९०२ पासूनची ट्राम शहरातून तिथे सव्वातीनशे मीटर उंचीवर चढते आणि मधल्या उभ्या चढणीवर तिला दोरखंडाच्या जोरावर वर ढकलावे लागते. तिथून कड्याच्या कडेने जवळजवळ सपाट पायवाट जाते, खाली संपूर्ण आखात दिसते आणि स्लोव्हेनियाची सीमा हाकेच्या अंतरावर असते. तिथली तपासणी २००७ मध्ये बंद झाली होती, परंतु २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली आहे. खोली नैऋत्येला तोंड करून असावी, म्हणजे समुद्र समोर राहील आणि बोरा पाठीच्या भिंतीवर आदळेल. त्या भिंतीला खिडकी असलीच, तर ती लहान असावी आणि तिला दुहेरी तावदाने असावीत.