धूमकेतू विझतोय की चंद्र आडवा येतोय? माझा अनुभव

ऑक्टोबर २०२४ ला त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू आला तेव्हा ठरवलं, नुसता फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही, सूर्यापासून लांब जाताना तो कसा मंदावतो ते रोज वहीत लिहायचं. सातारा शहरातून पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आडवा येतो, म्हणून रोज संध्याकाळी गाडी काढून कास रोडला वर जायचं. आई म्हणायची, एवढं पेट्रोल जाळतोस त्या शेपटीपायी?

दसऱ्याला ढग. दोन दिवसांनी दिसला, शुक्र आणि स्वातीच्या मधे, आणि काय दिसला राव! उजेड मोजायची पद्धत जरा गमतीची आहे, दुर्बिणीतून आधी त्याचं डोकं नजरेत साठवायचं, मग फोकस मुद्दाम बिघडवून एखादा तारा तेवढाच फुगवायचा आणि कोण जास्त उजळ ते ठरवायचं. पहिले चार दिवस माझा अंदाज म्हणजे भाजीवाल्याचं माप.

कोजागरीला घरचे गच्चीवर मसाला दूध पीत होते आणि मी चंद्राला शिव्या देत होतो. वहीत त्या दिवशी लिहिलं, 'एकदम पडला, गार झाला बहुतेक'. सपशेल चूक, कारण चार-पाच दिवसांनी अंधार मिळाला तर मंद असूनही तो कोजागरीपेक्षा छान दिसला! शिवाय १२ ऑक्टोबरला तो आपल्यापासून जवळपास ७ कोटी किमीवर होता आणि नंतर लांबच चाललेला, आणि सुरुवातीला त्याची धूळ आपल्या नि सूर्याच्या मधे होती, उन्हाकडे तोंड केलं की धुरळा चमकतो ना, तसा तो तेव्हा जास्तच उजळ दिसलेला.

हे सगळं बाजूला काढल्यावर उरतं ते खरं मंदावणं. २७ सप्टेंबरला तो सूर्यापासून आपल्या अंतराच्या ०.३९ पट होता, म्हणजे ऊन आपल्या साडेसहा पट. दिवाळीपर्यंत साधारण आपल्याइतकाच लांब गेला, ऊन कमी तशी बर्फाची वाफ कमी, वाफेबरोबर उडणारी धूळही कमी. शेपूट मात्र लगेच जात नाही, आधी उडालेली धूळ दिसत राहते. पुढे आपल्या तिप्पट अंतराच्या आसपास पाण्याच्या बर्फाचा जोर ओसरतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्याहून थंडीतही उडतो. हेल-बॉप १९९७ ला सूर्याजवळून गेला आणि २००७ मध्ये, २५ पट लांब असतानाही, त्याच्याभोवती धूसर आवरण दिसलेलं!

पाडव्याला शेवटची नोंद, फटाक्यांच्या धुरातून कसाबसा एक पुसट डाग. पुतण्याच्या हातात दुर्बीण दिली तर म्हणतो, काका, आधी काच पुसा की.