तार्ताल्याचा चष्मा

इंग्लंडमधल्या एका फिरत्या बालनाट्य कंपनीत मी स्टेज मॅनेजर आहे. इटालियन नाटककार कार्लो गोत्सीचं ‘इल रे चेर्वो’, म्हणजे ‘हरिणराजा’, आम्ही मुलांसाठी बसवत होतो. व्हेनिसच्या सान सामुएले नाट्यगृहात 1762 साली त्याचा पहिला प्रयोग झाला. परकायाप्रवेशाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ते चटकन आपलं वाटतं. मंत्र म्हटला की आत्मा मेलेल्या देहात शिरतो. राजा देरामो शिकारीत मेलेल्या हरणात शिरतो आणि कपटी प्रधान तार्ताल्या राजाचा रिकामा देह बळकावतो. राणी आंजेला मात्र ओळखते की हा आपला नवरा नव्हे.

ती कशावरून ओळखते, यावर त्या दिवशी आमचं घोडं अडलं.

तार्ताल्या हे इटालियन मुखवटानाट्यातलं जुनं पात्र. डोळ्यांवर मोठा हिरवा चष्मा आणि बोलणं तोतरं. आमच्या नाटकात राजाच तोतरं बोलू लागायचा, की मुलांना लगेच कळायचं आत कोण आहे. सकाळच्या रंगीत तालमीला जवळच्या शाळेचा एक वर्ग आला होता. मुलं खदखदून हसली. नंतर गप्पांच्या वेळी एका मुलाने हात वर केला. पहिल्याच अक्षरावर तो बराच वेळ अडकला. वर्गातलं कुणी हसलं नाही. मग त्याने विचारलं, “तो वाईट आहे म्हणून असं बोलतो का?”

तार्ताल्या करणारा नट खाली उतरून त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, “नाही, अजिबात नाही.” पण नाटक तर तेच सांगत होतं! संध्याकाळी पहिला प्रयोग होता. दिग्दर्शिकेने जेवणाच्या सुट्टीतच तोतरेपणा काढून टाकला. “परंपरेचं काय?” असं कुणीतरी म्हणालं. मला तो आक्षेप मुळीच पटला नाही. गोत्सीने ही नाटकं आंतोनियो साक्कीच्या नटमंडळींसाठी लिहिली. काही प्रवेशांचा तर त्याने नुसता आराखडा दिला आणि संवाद नटांवर सोडले. नटाने रंगमंचावर उभं राहून उत्तर शोधायचं, हीच खरी परंपरा.

उत्तर राजाच्या नटाला सापडलं. तार्ताल्या सारखा चष्मा वर सरकवतो. राजाला चष्मा नाही, आणि या नाट्यप्रकारात राजासारख्या प्रेमिकांना मुखवटाही नसतो. मग राजाचं बोट उघड्या नाकाकडे गेलं तर? मी प्रॉम्प्ट बुकमधला, म्हणजे प्रयोगाच्या सूचनांच्या वहीतला, प्रकाशाचा क्यू बदलून त्या बोटावर आणला.

प्रयोगात बोट वर गेलं. क्षणभर काहीच नाही. मग तिसऱ्या रांगेतून एक मुलगी ओरडली, “चष्मा! त्याचा चष्मा!” आणि सगळी मुलं आंजेलाला सावध करायला उभी राहिली. तोतरेपणावर मिळणाऱ्या हशापेक्षा हे मला कितीतरी मोलाचं वाटतं, कारण त्यासाठी मुलांना आधी तार्ताल्याकडे नीट बघावं लागतं. मागच्या रांगांना मात्र ते उशिरा कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या अंकात चष्मा सरकवण्याच्या आणखी दोन जागा वाढवल्या.