दोन सेव्ह, एक गेम: आरपीजीच्या प्रयोगाची तिसरी नोंद

प्रयोग तोच. एक गेम घ्यायचा आणि दोनदा सुरू करायचा. पहिल्या सेव्हमधलं (जतन केलेल्या खेळातलं) पात्र 'अ' एका टोकाचं, दुसऱ्यातलं 'ब' नेमकं उलट. दोन्ही सेव्हच्या वाटा कुठे फुटतात आणि किती लांब जातात, ते वहीत लिहायचं. आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा गेम) कशाला म्हणायचं यावर नुसती तोंडपाटीलकी करून कंटाळलो, म्हणून हा उद्योग. एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि त्यांनी वाढणारी लेव्हल ही खूण धरावी, तर ती केव्हाच सगळीकडे पसरली आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी ४'च्या मल्टिप्लेयरमध्ये २००७ सालीच माणसं मारून लेव्हल वाढत होती, पण त्याला कुणी आरपीजी म्हणालं नाही. ड्रॅगन आणि तलवारींचंही तेच.

फॉलआउट (१९९७)

'अ'ची बुद्धी ९, 'ब'ची १. वाटा फुटायला वेळच लागला नाही. 'ब' तोंड उघडतो आणि बाहेर नुसता हुंकार पडतो. समोरचे लोक त्याला काम सांगायचं सोडून हाकलतात, नाहीतर त्याची कीव करतात. 'अ' मात्र शेवटच्या खलनायकाला, मास्टरला, एकही गोळी न झाडता हरवून आला. तुझे म्युटंट (माणसांचे बदलून केलेले राक्षस) वांझ आहेत, त्यांना पुढची पिढीच नाही, हा पुरावा समोर ठेवला आणि त्याच्या सगळ्या योजनेतली हवा गेली. (पंचवीस वर्षांहून जुन्या गेमचा स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नका.) खुर्चीत बसलेल्या मला ही युक्ती दोन्ही वेळा ठाऊक होती. 'ब'ला ती मांडता येत नव्हती. त्या रात्री वहीत एवढंच लिहिलं: मला येतं, त्याला येत नाही.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा आरपीजी १९७४ साली आला तो मिनिएचर (छोट्या पुतळ्यांच्या) सैन्यांच्या युद्धखेळांतून. तो रचणारे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन, दोघेही त्याच पटावर वाढलेले. फरक असा, की पलटणी गेल्या आणि प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एकच माणूस आला. टेबलाभोवती बसलेल्यांना काही खरी तलवार चालवायची नसते, खरं कुलूप फोडायचं नसतं. म्हणून कागदावर आकडे आणि हातात फासे. थोडक्यात, हा आकड्यांचा कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट, हे पात्राचं शरीर. १९८१च्या 'विझर्ड्री'ने हे शरीर छान उचललं, सहा जणांची टोळीच दिली. पण टेबलाच्या टोकाला बसून "बरं, करून बघ" म्हणणारा डन्जन मास्टर (खेळ चालवणारा माणूस) काही डिस्कवर मावला नाही. कॉम्प्युटरवरच्या आरपीजीत आकड्यांचा एवढा बडेजाव का, याचं उत्तर मला तरी यात दिसतं.

मॉरोविंड (२००२)

ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. तलवार डोळ्यांदेखत उंदराच्या अंगातून आरपार जाते आणि उंदराला काही होत नाही, कारण आत फासे पडलेत आणि पात्राला लाँग ब्लेड (लांब तलवार चालवायचं कौशल्य) येत नाही. त्यात पळून पळून दम संपलेला असला तर विचारूच नका. 'ब' सेव्हमध्ये मी एका खेकड्याशी इतका वेळ झुंजलो, की शेवटी मलाच त्याची दया आली. लोक याला भिकार कॉम्बॅट म्हणतात, आणि तक्रार खोटी नाही. डोळ्यांना लागलेलं दिसतं आणि गेम म्हणतो लागलं नाही. पण माझ्या वहीत त्याला पूर्ण गुण आहेत. 'ड्यूस एक्स'ने (२००० साल) तीच गोष्ट जास्त शहाणपणाने केली होती: रायफल येत नसेल तर नेमच स्थिर होत नाही. चूक हाताची वाटते, असते शीटची.

इथवर गणित सोपं होतं. निर्णय शीटचा असेल तर आरपीजी, हाताचा असेल तर ॲक्शन. मग मी दोन गेम एकामागोमाग लावले आणि सगळं फिसकटलं.

पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६). एकच नायक, क्लास (पात्राचा पेशा) निवडायचा नाही, मंत्र ठरलेल्या लेव्हलला आपोआप येतात. माझे दोन्ही सेव्ह जवळजवळ जुळे निघाले. गंमत म्हणजे नायकाला जे नाव द्याल त्याच्या अक्षरांवरून त्याचे कोणते आकडे हळू वाढणार हे ठरतं, पण ती निवड नव्हे, ते बारसं झालं. तरी हा गेम आरपीजी नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? माझी तर नाही. लढाई मेन्यूतून, हाताला काडीचं काम नाही, स्लाइम मारा आणि आकडे वाढवा.

दुसरा 'डार्क सोल्स' (२०११). इथे बरोबर उलटं. पायरोमॅन्सर (आगीचे मंत्र वापरणारं पात्र) लेव्हल १ वर सुरू होतो आणि एकदाही लेव्हल न वाढवता शेवटापर्यंत नेणारे महाभाग आहेत. मी त्यांच्यात नाही. माझा 'ब' अजून दोन गार्गॉयल्सच्या छपरावर मरतोय. शीट गप्प आणि सगळं मनगटावर. तरी शीट अगदी मुकी नाही. ताकद कमी असली तर मोठी तलवार नीट उचलत नाही, दोन्ही हातांत धरली की ताकद दीडपट धरली जाते. आणि माझे दोन सेव्ह? एक लांबून मंत्र फेकणारा, दुसरा ढालीआडून भोसकणारा. एकाच बॉससमोर दोघांची भीतीसुद्धा वेगळी.

म्हणून वहीत आता एक नाही, दोन रकाने आहेत: कोण ठरवतं, आणि दोन सेव्ह किती वेगळे होतात. 'ड्रॅगन क्वेस्ट' पहिल्यात पास, 'डार्क सोल्स' दुसऱ्यात. १९८६चा 'झेल्डा' दोन्हींत नापास. गुहेतला म्हातारा पाच हार्ट (जीव मोजायची बदामं) झाल्याशिवाय पांढरी तलवार देत नाही, हे शीटसारखं दिसतं खरं, पण शेवटी सगळ्यांचा नायक लिंक एकसारखाच होतो आणि राक्षस मारतो तो आपला अंगठाच.

आता कबुली. मागच्या नोंदीवर एकाने विचारलं होतं, फासे उलटे पडले की आधीचा सेव्ह पुन्हा लोड करतोस का? करत होतो. आणि हा प्रश्न मनाला लागला, कारण फासे हवे तसे पडेपर्यंत लोड करत राहिलो तर पात्राची शीट पुसून मी तिथे माझा चिवटपणा लिहितोय. म्हणजे तोच गेम सेव्ह-स्कमिंग करणाऱ्याच्या हातात कमी आरपीजी होतो! हे माझ्या रकान्यांत बसत नाही. तरी नियम केला: या महिन्यापासून लोड बंद, मेलो तर सेव्ह संपला.

नव्या नियमाखाली पहिला गेम 'डिस्को एलिसियम' (२०१९). चार गुणांत बारा पॉइंट वाटायचे, त्यांतून चोवीस कौशल्यं, आणि नेहमीची लढाई जवळपास नाहीच. सगळं दोन फाशांवर. 'अ' बुद्धीचा राक्षस केला: बुद्धी ६, मन ४, शरीर १, हातचलाखी १. हॉटेलच्या खोलीत जाग आली. पंख्याला लटकलेला टाय ओढायला गेलो, फासे उलटे पडले, धक्क्याने हृदय बंद पडलं. खोलीबाहेर पाऊल टाकायच्या आत गेम संपला.

'ब'चं शरीर ५ वर ठेवलंय. टाय राहू दे तिथेच.