हिरव्या पट्ट्यातलं बाळ

एप्रिलमधला वजनाचा दिवस होता. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, नऊ वाजले की अंगणवाडीचा पत्रा तापतो, म्हणून मी सगळ्यांना सकाळी आठलाच बोलावते. वजन घ्यायचं म्हणजे मूल नुसतं काट्यावर ठेवायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. आधी काटा शून्यावर आणायचा, वाळे-करदोडा काढायचा, अंगावरचे कपडे उतरवायचे. जे मूल काट्यावर थांबतच नाही, त्याला आईसकट तोलून आईचं वजन वजा करायचं. मग उंची, दंडघेर आणि मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर नोंद. रेंज असली तर.

तो आजींच्या कडेवर आला. वीस महिन्यांचा, गुबगुबीत, तोंडात दुधाची बाटली. वजन ११ किलो ४०० ग्रॅम भरलं. दंडघेराची पट्टीही हिरव्यात, म्हणजे कुपोषण नाही. मी नोंद केली आणि पुढच्या बाळाला हाक मारली. तेवढ्यात तो कडेवरून वाकला, भिंतीचा सुटलेला पोपडा नखानं काढला आणि तोंडात टाकला.

मी पेन खाली ठेवलं. त्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरंफटक. ओठ वर केला तर वरचे पुढचे चार दात हिरडीपाशी तपकिरी पडलेले, खालचे मात्र स्वच्छ. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर असते, म्हणून ते वाचतात. वरचे रात्रभर दुधात भिजतात.

बाटली हातात घेतली. झाकणाच्या आट्यांमध्ये दुधाचा पिवळा थर बसला होता. निपलचं भोक तापल्या सुईनं मोठं केलेलं, कारण दुधात बिस्कीट कालवलेलं असायचं आणि ते अडकू नये. अशा बाटल्या आठवडे बाजारात खेळण्यांच्या शेजारी टांगलेल्या असतात. १९९२ च्या कायद्यानं बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, पण गावात बाटलीला जाहिरात लागतच नाही. शेजारणीच्या पोराच्या तोंडात दिसली की पुरे.

“दिवसाला किती पितो?” मी विचारलं.

“पाच बाटल्या,” आजी कौतुकानं म्हणाल्या. “ताई, पोऱ्या काही खात नही, पन दूध मस्त पेस!”

पाव लिटरची एक, म्हणजे सव्वा लिटर, तेही घरच्या म्हशीचं. त्या वयाला दिवसाला अर्धा लिटर खूप झालं. दुधात लोह अगदी कमी, त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट लागू देत नाही, आणि पोट भरलेलं म्हणून भाकरी-वरण नको. रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते. आजींना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांची दोन लेकरं लहानपणी गेलेली. भरलेल्या अंगाचा नातू हेच त्यांना मोठं धन.

मला बोचतं ते वेगळंच. याच बाळाचं वजन मी त्याआधी सहा-सात महिने दर महिन्याला घेतलं होतं. प्रत्येक वेळी बाटली माझ्या डोळ्यांसमोर होती आणि प्रत्येक वेळी मी ‘हिरवा’ म्हणून पुढे गेले. आमच्या बैठकांमध्ये लाल मुलांबद्दल तास-तास बोलणं होतं. हिरव्या मुलाबद्दल कुणी विचारत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन ७.२ निघालं. त्या वयाला ११ च्या वर हवं, सातच्या खाली गेलं की तीव्र. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. दुधासोबत द्यायचं नाही, लिंबूपाण्याबरोबर चालेल, शी काळी झाली तर घाबरायचं नाही, हे सगळं मी आईला समजावलं. आशाताईंनी आधी दिलेली लोहाच्या सिरपची बाटली घरात सील न फोडता ठेवलेली सापडली. तो थुंकतो, म्हणून.

आणि मग मी चूक केली. त्याच्या आईला म्हणाले, “आजच बाटली बंद. दोन दिवस रडेल, मग घेईल फुलपात्रानं.” प्रशिक्षणात ऐकलेलं वाक्य मी तसंच्या तसं तिच्या पदरात टाकलं.

रात्री अकराला तिचा फोन. “ताई, त्यानी सकायपाईन काहीच पिधं नही.” दिवसभर बाहेर ४२-४३ अंश. ती कांदा काढणीवरून संध्याकाळी आलेली, दिवसभर एकट्या आजींनी झुंज दिलेली. मी गेले तेव्हा पोराचे ओठ सुकलेले, रडून आवाज बसलेला, सकाळपासून एकदाच लघवी. ओआरएस कालवलं आणि चमच्या-चमच्यानं देत बसले. अर्धं तो थुंकत होता. तासाभरानंतर मीच म्हणाले, “द्या ती बाटली.” त्याच बाटलीतून ओआरएस पाजलं. तो दोनला झोपला. आजी मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सावकाश घेतलं. आधी फक्त दुपारची बाटली बंद, तीही जेवणाच्या वेळी. फुलपात्रात दोनच घोट घालायचे, म्हणजे सांडलं तरी दुःख नाही. मांडीवर सरळ बसवून कड खालच्या ओठावर टेकवायची, ओतायचं नाही, त्याला वाट पाहू द्यायची. बिस्कीट बंद. झोपतानाची बाटली सगळ्यात शेवटी ठेवली. तिच्यात दर दोन दिवसांनी दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त, असं करत नुसत्या पाण्यावर आणायची. हे जमलं. फुलपात्र मात्र जमेना. नऊ दिवस तो ते हातानं उडवत होता.

जमवलं ते त्याच्या आजोबांनी. सकाळी ओट्यावर बसून ते बशीत चहा ओतून फुर्रकन ओढतात. एके दिवशी मी गेले तर नातू बशीकडे हात करून नाचत होता. चहा द्यायचा नाही हे मी सांगून ठेवलेलं, कारण चहाही लोह लागू देत नाही. आबांनी चहा बाजूला ठेवला, बशी विसळली, तिच्यात कोमट दूध ओतलं आणि म्हणाले, “ले, पे.” त्यानं दोन्ही हातांनी बशीची कड धरली, ओठ लावले आणि आबांसारखाच आवाज काढत ओढलं. निम्मं छातीवर, निम्मं पोटात. पसरट बशीत दूध दिसतं, कड पातळ असते, थोडं कललं की दूध आपोआप ओठांशी येतं. हे सगळं मला नंतर सुचलं. त्याला एवढंच कळलं असावं की आबा जे पितात ते आपण पितो.

बशीवरून कपावर, कपावरून फुलपात्रावर यायला आणखी तीन आठवडे गेले. आता दिवसाला दोनच फुलपात्रं दूध. दुपारी वरणात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी मुगाची खिचडी, कधी अंडं. जूनमध्ये हिमोग्लोबिन ९.६ झालं. माती सुटली. दात मात्र किडलेलेच आहेत, त्यासाठी तालुक्याला दंतवैद्याकडे दोन फेऱ्या झाल्या.

जूनच्या वजनात तो ११ किलो १०० भरला, म्हणजे तीनशे ग्रॅम कमी. पर्यवेक्षिकांचा फोन आला, “ह्याचं वजन का घटलं?” मी वीस मिनिटं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, तेवढंही पुष्कळ.

बाटली आजींनी टाकली नाही. स्वच्छ धुऊन फडताळात ठेवली आहे. धाकट्या सुनेला सातवा महिना लागलाय. येत्या मंगळवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.